फवारणीचं शास्त्र कर्करोगाला लावताना या चुका टाळा

कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग डीडीटीला पुरून उरला, पुढच्या कित्येक कीटकनाशकांनाही. फ्लोरिडातल्या मॉफिट कॅन्सर सेंटरचे रॉबर्ट गेटनबी यांनी २००९ मध्ये याच किडीचा दाखला दिला. त्यांचं म्हणणं असं: पसरलेला कर्करोग समूळ जाणार नसेल, तर औषधाला दाद देणाऱ्या थोड्या पेशी मुद्दाम शिल्लक ठेवा. दाद न देणाऱ्या पेशींना त्या फोफावू देत नाहीत. यालाच ‘अॅडॅप्टिव्ह थेरपी’ म्हणतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे याचा अर्थ ‘डोस कमी करा’ असा घेणं. मॉफिटच्या प्रोस्टेट कर्करोगाच्या चाचणीत ॲबिराटेरोन या औषधाचा डोस अर्धा केला नव्हता. औषध कधी द्यायचं आणि कधी थांबवायचं, ते बदललं होतं. सुरुवातीचा पीएसए (प्रोस्टेट कर्करोगाची रक्तात मोजली जाणारी खूण) ४० असेल, तर तो २० च्या खाली येताच औषध बंद आणि पुन्हा ४० ला पोचताच चालू. २०२२ च्या निष्कर्षांत या गटातले १७ रुग्ण आजार बळावेपर्यंत सरासरी (मध्यक) ३३.५ महिने टिकले, नेहमीच्या पद्धतीतले १६ जण १४.३ महिने. मात्र रुग्ण थोडे होते आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, त्यामुळे हा आकडा हात राखूनच वाचावा.

दुसरी चूक कॅलेंडर बघून औषध थांबवण्याची. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की शेंदरी बोंडअळीवर फवारणी करायची, हा झाला मोजून घेतलेला निर्णय. दर पंधरा दिवसांनी पंप पाठीवर घेणं म्हणजे निव्वळ सवय. बीआरएएफ जनुकात बदल असलेल्या मेलानोमात (त्वचेच्या एका कर्करोगात) डॅब्राफेनिब-ट्रॅमेटिनिब ही औषधं आठ आठवडे सलग देऊन पुढे ३ आठवडे बंद, ५ आठवडे चालू, असं ठरावीक वेळापत्रक वापरून पाहिलं. आजार आटोक्यात राहण्याचा काळ ९ महिन्यांवरून ५.५ वर घसरला.

बीटी कपाशीभोवतीच्या आश्रय पिकाशी तुलना करताना तर भलेभले घसरतात. तिथे सुरुवातीला २० टक्के किंवा पाच ओळी बिगर-बीटी लावायचा नियम होता, कारण त्यावर वाढलेले साधे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळतात आणि संकरित पिल्लं बीटीच्या विषाने मरतात. कर्करोगाच्या पेशी जुळत नाहीत, फक्त दुभंगतात. इथे उपयोगी पडते ती जागेची आणि अन्नाची चढाओढ. प्रतिकारक पेशी औषध नसतानाही तितक्याच जोमाने वाढत असतील, तर फायदा आक्रसतो.

औषध बदलतानाही गफलत होते. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक सोडून थायमेथोक्झाम मारलं, तर डबा बदलतो, गट तोच राहतो. ॲबिराटेरोननंतर एन्झालुटामाइड हे पुष्कळदा तसंच ठरतं. दोन्हींचा वार अँड्रोजनच्याच (पुरुषी संप्रेरकाच्याच) वाटेवर, त्यामुळे एआर-व्ही७ (अँड्रोजन ग्राहकाचा बदललेला प्रकार) असलेल्या पेशी दोन्हींना चकवतात.

वृषणाचा कर्करोग, हॉजकिन लिम्फोमा, मुलांमधला तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया यांत हा विचार आणूच नये. हे आजार बरे होतात, तिथे पूर्ण डोस वेळेवरच द्यायचा. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात इमॅटिनिबच्या गोळ्या चुकवल्या, तर आजार डोकं वर काढतो.

आणि हे स्वतःच्या मनाने तर मुळीच करू नये. ॲबिराटेरोनसोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असतं. महिनोन्‌महिने घेतलेलं ते अचानक सोडलं, तर सुस्तावलेल्या अधिवृक्क (मूत्रपिंडांवरच्या) ग्रंथी लगेच जाग्या होत नाहीत. रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं.