ड्रायव्हरमध्ये उत्तराची वाट पाहताना या चुका टाळा

कुणाचा ड्रायव्हर (हार्डवेअर डिव्हाइस चालवणारा कोड) तपासायला आला की मी सगळ्यात आधी एकच जागा उघडतो. डिव्हाइसला मेसेज पाठवला आणि ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही, तर पुढे काय लिहिलंय? बहुतेक वेळा तिथे तीनच ओळी सापडतात. लॉगमध्ये ‘टाइमआउट’ छापायचं, लॉक सोडायचं आणि ‘उणे ईटाइमडआउट’ हा एरर कोड परत द्यायचा. उत्तर वेळेत येतं तेव्हाचा कोड मन लावून लिहिलेला असतो, आणि जिथे खरी परीक्षा आहे तिथे घाई केलेली असते. उदाहरणं लिनक्स कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची) देतोय, कारण माझं रोजचं काम तिथलं आहे.

टाइमआउट झाला म्हणजे विषय संपला, असं समजणं

टाइमआउट म्हणजे तुमचा धीर संपला, एवढंच. डिव्हाइसला त्याचा पत्ताही नसतो. तुमची कमांड त्याच्या रांगेत अजून पडून असते, डीएमएसाठी (डिव्हाइसने थेट मेमरीत लिहिण्यासाठी) दिलेला पत्ता त्याच्याकडे तसाच असतो, आणि काम झालं की ते त्या पत्त्यावर उत्तर लिहिणारच. दरम्यान तुम्ही ती मेमरी मोकळी करून बसलेले असता.

काही वर्षांपूर्वी एका कंट्रोलरचा ड्रायव्हर माझ्याकडे आला. त्यात मेसेज पाठवणारं फंक्शन रिक्वेस्टचं स्ट्रक्चर स्टॅकवरच (फंक्शन परतलं की दुसऱ्याच्या वाट्याला जाणाऱ्या मेमरीत) बनवायचं, त्याच्या आतच कम्प्लीशन (‘काम झालं’ हे वाट पाहणाऱ्याला कळवणारी कर्नलची रचना) होतं, आणि त्याचा पॉइंटर एका तक्त्यात ठेवून ५०० मिलिसेकंद वाट पाहायचं. एरवी उत्तर दोन-तीन मिलिसेकंदांत यायचं. पण फर्मवेअर (डिव्हाइसच्या आतला प्रोग्रॅम) सेटिंग्ज साठवताना फ्लॅशचा सेक्टर पुसत असेल, तर सातशेच्या वर जायचं. तोवर फंक्शन परतलेलं असायचं, आणि तक्त्यातला पॉइंटर कुणी पुसलेला नसायचा. उशिरा आलेल्या उत्तराचा इंटरप्ट (डिव्हाइसने सीपीयूला दिलेली सूचना) यायचा, तो हाताळणारा हँडलर तो पॉइंटर उचलायचा आणि ‘कम्प्लीट’ या फंक्शनला हाक मारायचा.

आता ‘कम्प्लीट’ आत काय करतं ते बघा. आधी कम्प्लीशनमधलं स्पिनलॉक (मोकळं होईपर्यंत सीपीयूला जागीच फिरवत ठेवणारं कुलूप) घेतं, मग ‘डन’ हा आकडा एकने वाढवतं, मग वाट पाहणाऱ्याला उठवतं. त्या जागी आता दुसऱ्याच फंक्शनचा स्टॅक असतो. लॉकच्या जागी शून्य सोडून काही असलं, तर सीपीयू इंटरप्टमध्येच फिरत राहायचा आणि मशीन गोठायचं. शून्य असलं तर आणखी वाईट. कुणाचं तरी चल मुकाट्याने एकने वाढायचं आणि पॅनिक (कर्नलचं कोसळणं) फाइल सिस्टिमच्या कोडमध्ये दिसायचा. एकाच चुकीची अशी दोन वेगळी रूपं, आणि दोन्हींत आमच्या ड्रायव्हरचं नाव कुठेच नाही.

आधी मेमरीवर संशय घेतला, रॅम बदलून पाहिली. मग कुणीतरी टाइमआउट ५ सेकंद केला. क्रॅश थांबले, सगळ्यांना हायसं वाटलं. दोन आठवड्यांनी पुन्हा मशीन पडलं, कारण सेटिंग्जची जागा भरत आली की फर्मवेअर सगळे सेक्टर एका दमात पुसायचं. तेव्हा मी टाइमआउट परत ५०० वर आणला, म्हणजे रोग लवकर दिसावा, आणि तीन जागी वेळ आणि मेसेजचा क्रमांक नोंदवला: पाठवताना, टाइमआउट झाल्यावर, उत्तर आल्यावर. त्याच संध्याकाळी लॉगमध्ये सरळ दिसलं. क्रमांक ७९ पाठवला, ७९ चा टाइमआउट, २१२ मिलिसेकंदांनी ७९ चं उत्तर आलं, आणि खालच्याच ओळीत पॅनिक.

टाइमआउट वाढवून दोष बुजवणं मला अजिबात पटत नाही, ते तेव्हापासून. आकडा वाढवला की दोष दुर्मीळ होतो, आणि दुर्मीळ दोष शोधायला दसपट वेळ जातो. टाइमआउट किती ठेवायचा हे डिव्हाइसच्या माहितीपत्रकातल्या सगळ्यात मंद कमांडवरून ठरवा, क्रॅश थांबेपर्यंत वाढवत नेऊन नव्हे.

मी आता काय करतो ते सांगतो. रिक्वेस्ट नेहमी हीपवर (मोकळी करेपर्यंत टिकणाऱ्या मेमरीत), आणि तिच्यावर दोन रेफरन्स (‘मला ही अजून हवी आहे’ अशा नोंदी): एक वाट पाहणाऱ्याचा, एक डिव्हाइसच्या वतीने. शेवटचा सोडेल तो मेमरी मोकळी करेल. टाइमआउट झाला की आधी लॉक घेतो, आणि एवढ्यात उत्तर आलंय का ते पुन्हा बघतो. आलं असेल तर ते यश म्हणूनच घ्यायचं. आलं नसेल तर रिक्वेस्टवर ‘बेवारस’ अशी खूण करतो आणि मगच परततो. बेवारस रिक्वेस्टचा स्लॉट (तक्त्यातली जागा) उत्तर येईपर्यंत किंवा डिव्हाइस रीसेट होईपर्यंत दुसऱ्या कुणाला देत नाही. बेवारस रिक्वेस्ट साचायला लागल्या तर रीसेट करतो, आणि डीएमए थांबल्याची खात्री झाल्यावरच मेमरीला हात लावतो.

शेवटचं पुन्हा बघणं अनेकांना फालतू वाटतं. ते फालतू नाही. तुमचा थ्रेड उशिरा जागा झाला असेल, किंवा उत्तर आलंय पण इंटरप्टच हरवला असेल. कर्नलमधलं ‘रीडएल_पोल_टाइमआउट’ वेळ संपल्यावरही रजिस्टर (डिव्हाइसची स्थिती दाखवणारी जागा) एकदा वाचूनच निकाल देतं. एनव्हीएमई (एसएसडीचा) ड्रायव्हरही टाइमआउट आला की कमांड रद्द करण्याआधी कम्प्लीशन क्यू (उत्तरांची रांग) स्वतः तपासतो, आणि तिथे उत्तर सापडलं तर लॉगमध्ये ‘कम्प्लीशन पोल्ड’ लिहून पुढे जातो.

आलेलं उत्तर आपलंच आहे, असं धरून चालणं

एका वेळी एकच मेसेज पाठवायचा, मग क्रमांक कशाला, असा युक्तिवाद नवीन मंडळी नेहमी करतात. टाइमआउट होईपर्यंत तो खरा असतो. समजा, तुम्ही फर्मवेअरची आवृत्ती विचारलीत, टाइमआउट झाला. मग तापमान विचारलंत. आधीचं, आवृत्तीचं उत्तर आता येतं आणि ड्रायव्हर ते तापमान म्हणून पुढे देतो. तापमानाचं उत्तर त्याच्या पुढच्या प्रश्नाला चिकटतं. तिथून पुढे प्रत्येक उत्तर एक घर मागे, आणि एकाही ठिकाणी चूक म्हणून नोंद नाही. पंख्याचा वेग आवृत्तीच्या आकड्यावर ठरताना मी स्वतः पाहिलाय.

‘रीइनिट_कम्प्लीशन’ (कम्प्लीशन पुन्हा कोरं करणं) केलं की हे सुटतं, असं पुष्कळांना वाटतं. सुटत नाही. जुनं उत्तर त्या हाकेनंतरही येऊ शकतं. (ती हाक डोअरबेल वाजवण्याआधी, म्हणजे डिव्हाइसला ‘काम आलंय’ असं कळवण्याआधी, करायची असते, हेही जाता जाता सांगतो. नंतर केलीत आणि डिव्हाइस चपळ निघालं, तर आलेलं उत्तरच पुसून बसाल.)

मेसेजमध्ये क्रमांक जाऊ द्या आणि उत्तरात तोच परत येतोय का ते तपासा. स्लॉटचा नंबर हाच क्रमांक म्हणून वापरत असाल, तर त्याला पिढीही (स्लॉट पुन्हा वापरला की बदलणारा आकडा) जोडा, कारण स्लॉट ५ मधलं जुनं उत्तर स्लॉट ५ मधल्या नव्या मेसेजला चिकटू शकतं. लिनक्सचा एनव्हीएमई ड्रायव्हर १६ बिटांच्या कमांड आयडीतले वरचे ४ बिट यासाठीच खर्च करतो. क्रमांक जुळला नाही तर उत्तर टाकून द्या, पण मोजा. ती संख्या वाढताना दिसली की फर्मवेअरवाल्यांशी बोलायला तुमच्या हातात पुरावा असतो. आणि प्रोटोकॉलमध्ये क्रमांकाला जागाच नसेल, तर टाइमआउटनंतर चॅनल रीसेट केल्याशिवाय पुढचा मेसेज पाठवू नका.

आणखी काही, थोडक्यात

‘वेट_फॉर_कम्प्लीशन_टाइमआउट’ टाइमआउट झाल्यावर शून्य देतं आणि यश मिळाल्यावर उरलेले जिफी (कर्नलच्या घड्याळाचे ठोके), निदान १. उणे आकडा ते कधीच देत नाही. ‘शून्यापेक्षा कमी का’ ही तपासणी तिथे कायम खोटी ठरते, आणि टाइमआउट यश म्हणून वर जातो.

त्याचाच इंटरप्टिबल (मध्येच थांबवता येणारा) भाऊ मात्र उणे देतो. वापरणाऱ्याने कंट्रोल-सी दाबलं की ‘उणे ईरीस्टार्टसिस’ मिळतं, आणि डिव्हाइसच्या दृष्टीने ही परिस्थिती टाइमआउटसारखीच आहे: कमांड जिवंत, वाट पाहणारा गायब. साफसफाई तीच करावी लागते. शिवाय कर्नल ती सिस्टिम कॉल पुन्हा सुरू करू शकतो, म्हणजे तुमची कमांड दोनदा जाईल.

टाइमआउटच्या जागी नुसतं ५०० लिहू नका. ते जिफी आहेत. एचझेड (सेकंदाला किती ठोके) १००० असलेल्या कर्नलवर तो अर्धा सेकंद, १०० असलेल्यावर ५ सेकंद. ‘एमसेक्स_टू_जिफीज’ वापरा.

जिफींची तुलना थेट ‘पेक्षा मोठं’ चिन्हाने करू नका, ‘टाइम_आफ्टर’ घ्या. ३२ बिटांच्या मशीनवर एचझेड १००० असेल तर तो आकडा सुमारे ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो. ही चूक लवकर दिसावी म्हणून कर्नल सुरुवातीचा आकडा मुद्दाम असा ठेवतो, की बूट झाल्यावर पाचच मिनिटांत तो उलटावा.

रिट्राय लूप डोळे मिटून लावू नका. तापमान तीनदा विचारलं तर काही बिघडत नाही. ‘पुढचा ब्लॉक लिही’ तीनदा गेलं तर डेटा गेला. टाइमआउटनंतर कमांड झाली की नाही हे तुम्हाला माहीत नसतं, ते आधी डिव्हाइसला विचारा.

रजिस्टरमधून सगळे एफ वाचले गेले, तर पीसीआय एक्सप्रेस डिव्हाइस बहुधा बसमधून निघून गेलंय. ‘तयार’चा बिट १ दिसतो म्हणून खूश होऊ नका.

ड्रायव्हर काढतानाचा क्रम: नवे मेसेज बंद, डिव्हाइस थांबवा, ‘फ्री_आयआरक्यू’, टाइमर ‘सिंक’वाल्या हाकेने काढा, उरलेल्या वाट पाहणाऱ्यांना एरर कोड देऊन उठवा, आणि मेमरी सगळ्यात शेवटी.

उशीर मुद्दाम घडवून न पाहणं

टेबलावरचं डिव्हाइस नेहमी वेळेत उत्तर देतं, त्यामुळे टाइमआउटचा कोड एकदाही न चालता ग्राहकाकडे जातो. माझ्या प्रत्येक ड्रायव्हरमध्ये डीबगएफएसखाली (तपासणीसाठीच्या कर्नलच्या फाइल सिस्टिमखाली) एक फाइल असते. तिच्यात आकडा लिहिला की आलेलं उत्तर तितके मिलिसेकंद अडवून मग पुढे सोडलं जातं. टाइमआउट ५०० असेल तर मी ४९९, ५०० आणि ५०१ लिहितो, मग ७००, मग उत्तर गिळून टाकणारा उणे १. कासान (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं कर्नलचं साधन) सुरू ठेवून रात्रभर हे चालवतो, मध्येच मॉड्यूल काढतो, घालतो. हीपवरची रिक्वेस्ट मोकळी झाल्यावर कुणी हात लावला, तर ती मेमरी कुठे घेतली, कुठे मोकळी केली आणि कुणी हात लावला, हे तिन्ही कासान स्टॅक ट्रेससकट छापतं. ही फाइल लिहायला मला अर्धा दिवस लागतो. त्या कंट्रोलरवर आमचे सात आठवडे गेले होते.