स्वस्त पेट्रोल शोधताना या चुका टाळा

मध्यम आकाराच्या शहरात स्वस्त पंप शोधणं महानगरापेक्षा सोपं असतं. पंप मोजके, रस्ते ओळखीचे, आणि त्यातले बरेचसे पंप आठवड्यातून एकदा तरी आपल्या वाटेवर येतात. तरीही महिनाअखेरीला हिशेब मांडला की बचत काही सापडत नाही. बहुतेक वेळा ती पंपापर्यंत पोचण्यातच जळून गेलेली असते.

बोर्डावरचा दर बघून गाडी वळवायची आणि अंतर मोजायचंच नाही, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. हा हिशेब पैशांऐवजी लिटरमध्ये करावा. समजा, लांबचा पंप २ टक्के स्वस्त आहे आणि तुम्हाला ४० लिटर भरायचंय. वाचलं ते ०.८ लिटरच्या किमतीइतकं. गाडी शहरात लिटरला १५ किलोमीटर ॲव्हरेज देत असेल, तर तेवढ्यात ती १२ किलोमीटर जाते. म्हणजे तो पंप ६ किलोमीटर आडवाटेला असला, तर जाऊन-येऊन हाती काहीच उरत नाही. २० लिटरच भरणार असाल, तर ही मर्यादा ३ किलोमीटरवर येते. सिग्नल आणि कोंडीत जाणारं पेट्रोल यात धरलेलंच नाही. मी बरेच दिवस शहराच्या दुसऱ्या टोकाला मुद्दाम पेट्रोल भरायला जात होतो. हे गणित कागदावर मांडलं आणि ते बंद केलं. आता त्या बाजूला काम निघालं तरच तिथे भरतो.

काटा तळाला जाईपर्यंत थांबणंही असंच नडतं. रिझर्व्हचा दिवा लागला की निवड संपते, समोर येईल तो पंप गाठावा लागतो. विमानतळाजवळचे आणि महामार्गाच्या तोंडावरचे पंप अनेकदा महाग असतात, कारण तिथल्या गिऱ्हाइकाला दर ताडून बघायला सवड नसते. पाव टाकी उरली की शोध सुरू करावा. जिथे दोन-तीन पंप समोरासमोर आहेत तिथे आधी बघावं. एकमेकांचा बोर्ड दिसत असला की दर आटोक्यात राहतो.

आता दराच्या चालीकडे वळू, कारण खरी बचत मला इथे दिसते. जिथे पंपचालक स्वतः दर ठरवतात, तिथे कच्चं तेल महागलं की पंपावरचा दर झपाट्याने चढतो आणि स्वस्त झालं की रेंगाळत उतरतो. अर्थशास्त्रज्ञ याला रॉकेट आणि पिसं म्हणतात. काही शहरांत याहून ठळक चक्र असतं: एका दिवसात मोठी उडी, मग रोज थोडी थोडी घसरण. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये वर्षानुवर्षं हे चक्र आठवड्याचं होतं. असं चक्र असलेल्या शहरात उडीच्या दिवशी टाकी फुल करणं ही चूक. ती उडी सगळे पंप एकाच वेळी घेत नाहीत; काही ठिकाणी जुना दर काही तास टिकतो. तीन आठवडे रोज दोन-तीन पंपांचे दर वहीत टिपा, तुमच्या शहरात असं चक्र आहे की नाही ते उघड होईल. दर उतरता असेल तर अर्धीच टाकी भरा. दर सरकार ठरवत असेल किंवा सगळीकडे एकच असेल, तर मात्र यातलं काही लागू नाही.

ॲपमध्ये एक दर आणि पंपावर दुसरा, ही तक्रार नेहमीची. आधी तो दर कधी नोंदवला ते बघा. वापरणाऱ्यांनी भरलेली माहिती शिळी असू शकते. मग तो रोखीचा की कार्डाचा, सगळ्यांसाठी की फक्त सभासदांसाठी, साध्या पेट्रोलचा की दुसऱ्या प्रकाराचा, हे तपासा. जिथे दर कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, तिथल्या माहितीवर जास्त विसंबता येतं. पश्चिम ऑस्ट्रेलियात २००१ पासून पंपांना उद्याचा दर आज कळवावा लागतो आणि तो २४ तास बदलता येत नाही. जर्मनीत २०१३ पासून दरातला प्रत्येक बदल लगेच सरकारी यंत्रणेकडे जातो आणि ॲपना तिथूनच माहिती मिळते.

पहाटे थंडीत भरलं की जास्त पेट्रोल मिळतं, या समजुतीपायी झोपमोड करू नका. पेट्रोल एका अंशाला सुमारे ०.१ टक्का प्रसरण पावतं, म्हणजे ४० लिटरला ४० मिलिलिटर. शिवाय जमिनीखालच्या टाकीचं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही.

जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोलही ॲव्हरेजसाठी घेऊ नये. ऑक्टेन म्हणजे इंजिनात ठोके न पडू देण्याची क्षमता, त्यात जादा ऊर्जा नसते. गाडीच्या पुस्तिकेत ते आवश्यक म्हटलं असेल तर मात्र तिथे काटकसर नको.

आणि पंपावर थांबलाच आहात तर हवा तपासून घ्या. चारही चाकांत सरासरी १ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा कमी असली तर ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्क्याने घटतं. हवा १० पीएसआय उतरली असेल तर ते झाले २ टक्के, म्हणजे ज्या फरकासाठी लांबच्या पंपावर जायचं होतं तेवढेच.