उत्तरायणात ससा बिथरला तर

बडोद्यात १४-१५ जानेवारीला, उत्तरायण या पतंगांच्या सणात, गच्च्यांवर स्पीकर दणाणतात आणि अंधार पडला की फटाके. मग ससा मागचा पाय जमिनीवर आपटतो, नाहीतर डोळे विस्फारून, कान पाठीला चिकटवून थिजतो. हा हट्टीपणा नव्हे, जिवाची भीती आहे. अशा वेळी प्रेमानेही उचलू नका! सुटायला तो मागच्या पायांनी इतका जोरात झटका देतो की त्याचाच कणा मोडू शकतो. आतल्या खोलीत दोन्हीकडून उघडं खोकं नि भरपूर सुकं गवत ठेवा, शेजारी जमिनीवर बसा. बाल्कनी नकोच, पतंगाची सरकती सावलीही त्याला घार वाटू शकते. नंतर लेंड्या बघा. दहा-बारा तास खाणं किंवा लेंड्या बंद असतील तर लगेच डॉक्टर गाठा. सणात दवाखाने बंद असतात, नंबर आधीच घेऊन ठेवा.