नोट्स बरोबर आल्या, मग गिटार ग्रुप बेचव का वाटतो?

आमचा दादरचा सहा जणांचा ग्रुप, लोकलच्या गर्दीत गिटार छातीशी धरून येणारी मंडळी, नोट्स सगळ्यांच्या पाठ पण ऐकायला टायपिंग क्लास. तर आधी सगळे एकाच ट्यूनरवर ए ४४० ला (म्हणजे ए हा सूर ४४० हर्ट्झवर) लावून घ्या, मग मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करून लय देणारं यंत्र, मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा, चार बार (तालाची चार आवर्तनं) झाले की बंद करा, आणि सुरुवात एकाच्या श्वासावर करायची, १-२-३ ओरडून नाही. मेलडीवाल्याने उजवा हात ब्रिजकडे, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा बांधलेल्या पट्टीकडे, सरकवायचा, आवाज धारदार येतो, बाकीच्यांनी साउंडहोलवर, म्हणजे मधल्या गोल भोकावर, तिथे मऊ. शेवटची नोट तर हमखास घोळ, एकाची तार वाजतेय, दुसऱ्याने कधीच हात ठेवलाय, म्हणून कितव्या बीटला (ठोक्याला) हात ठेवून तार बंद करायची ते ठरवूनच टाका. मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका, फक्त ऐकताना कोणाचं नाव घेऊ नका हां, पुढच्या रविवारी निम्मे गायब होतात.