जुना फोन विकताय? रीसेट मारण्याआधी या चुका टाळा

ओळखीत कुणी नवा फोन घेतला की आठवड्याच्या आत माझा फोन वाजतो. "ताई, जुना विकून टाकला, पण एक छोटासा घोळ झालाय." घोळ कधीच छोटासा नसतो. आणि विकायच्या आधी मात्र कुणालाही माझी आठवण येत नाही.

सगळ्यांना भीती एकाच गोष्टीची असते: माझे फोटो कुणा परक्याच्या हाती लागले तर? भीती खोटी नाही. पण मी आजवर जेवढी प्रकरणं निस्तरली, त्यातल्या बहुतेकांत चोर कुणी नव्हताच. मालकानेच घाईघाईत स्वतःचा डेटा उडवला होता, नाहीतर घेणाऱ्याच्या गळ्यात कुलूप लावलेला डबा मारला होता. रीसेट, म्हणजे फोन पुसून नव्यासारखा कोरा करणं, हे शेवटचं पाच मिनिटांचं काम आहे. लोक तेवढं एकच काम करतात, तेही गिऱ्हाईक दारात उभं असताना.

रीसेटच्या आधी हाताने साफसफाई करणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. कारण ती आळशी माणसं करत नाहीत, नीटनेटकी माणसं करतात.

माझी आत्या अशीच. फोन विकायच्या आदल्या रात्री ती चष्मा लावून बसली आणि गॅलरीतला एकेक फोटो निवडून डिलीट करत गेली. तीन-चार हजार फोटो असतील. मग कॉन्टॅक्ट काढले. मग, काम अर्धवट ठेवणं स्वभावात नाही म्हणून, गॅलरीतली कचरापेटीसुद्धा रिकामी केली. सकाळी समाधानाने नवा फोन उघडला, तर तिथेही गॅलरी रिकामी आणि फोनबुकही रिकामं. "नवा फोन खराब निघाला," असं तिने मला सांगितलं.

नवा फोन ठणठणीत होता. जुन्या फोनवर तिचं अकाउंट सुरूच होतं, फोटो क्लाउडशी, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटवरच्या साठ्याशी, जोडलेले होते. अशा वेळी फोनवरचा फोटो आणि क्लाउडवरचा फोटो हे दोन वेगळे फोटो नसतात. इथून डिलीट केला की तो तिथूनही जातो, आणि त्याच अकाउंटच्या प्रत्येक फोनवरून, टॅबवरून जातो. यंत्राने तिचा शब्द न् शब्द पाळला होता. गूगल फोटोजच्या कचरापेटीत बॅकअप झालेले फोटो ६० दिवस पडून असतात, आयक्लाउडमध्ये साधारण ३० दिवस. तेवढ्यात लक्षात आलं तर परत आणता येतात. पण आत्याने कचरापेटीही धुऊन काढलेली! शेवटी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून दोनेकशे फोटो गोळा केले, तेही आकाराने बारीक झालेले. तिने ते अल्बममध्ये लावले आणि त्या विषयावर ती आजही माझ्याशी बोलत नाही. जणू चूक माझी होती.

तेव्हा विकायच्या फोनवर हाताने काहीही डिलीट करू नका. फोटो नाही, कॉन्टॅक्ट नाही, कॅलेंडर नाही. ॲपलच्या सूचनांमध्येसुद्धा हेच लिहिलेलं आहे. आधी अकाउंट काढा, मग रीसेट मारा. रीसेटने फोन पुसला जातो, क्लाउडला तो हात लावत नाही. हे उलटं वाटतं खरं. एक फोटो डिलीट करणं धोक्याचं आणि सगळा फोन पुसणं सुरक्षित, हे आत्याला मी अजून पटवू शकलेले नाही.

"बॅकअप पूर्ण झाला" या वाक्यावर विश्वास ठेवणं

तो मेसेज मी वाचतच नाही. दुसऱ्या यंत्रावर, शक्यतो कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये, अकाउंट उघडते आणि चार गोष्टी शोधते: सगळ्यात जुना फोटो, कालचा फोटो, एखादा मोठा व्हिडिओ आणि डाउनलोडमधली एखादी पीडीएफ. पहिल्या दोन सापडतात. पीडीएफ बहुतेक वेळा सापडत नाही, कारण बॅकअप फोटोंचा असतो, फाइलींचा नसतो. रेकॉर्डिंगंही अशीच मागे राहतात. त्यासाठी मी केबल लावते आणि सगळं फोल्डर कॉम्प्युटरवर ओढून घेते. अडाणी पद्धत आहे, पण अजून तरी फसलेली नाही.

सॅमसंगच्या सिक्युअर फोल्डरमध्ये काही लपवून ठेवलं असेल तर ते आधी बाहेर काढा. नेहमीच्या बॅकअपमध्ये ते येत नाही आणि रीसेटनंतर कायमचं जातं.

व्हॉट्सॲपचा बॅकअप वेगळाच असतो. अँड्रॉइडवर तो गूगलकडे जातो, आयफोनवर आयक्लाउडकडे, आणि इकडचा बॅकअप तिकडे उघडत नाही. म्हणून एका जातीच्या फोनवरून दुसऱ्या जातीच्या फोनवर जाताना दोन्ही फोन शेजारी ठेवून चॅट हलवाव्या लागतात. जुना फोन पुसल्यावर हे जमत नाही. आणखी एक: २०२१ पासून या बॅकअपला स्वतःचा पासवर्ड लावता येतो. लावला असेल आणि आता आठवत नसेल, तर जुना फोन हातात आहे तोवरच तो बदलून घ्या. नंतर कंपनीसुद्धा तो बॅकअप उघडून देऊ शकत नाही.

अकाउंट न काढता, बटणं दाबून फोन पुसणं

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलणार.

मला तेव्हा वाटायचं, आपल्याला सगळं येतं. सेटिंग्जमध्ये जाऊन शोधत बसायचं कशाला? पॉवर आणि आवाजाचं बटण एकत्र दाबलं, काळ्या पडद्यावरच्या यादीतून डेटा पुसायचा पर्याय निवडला, झालं. वर आणखी हुशारी म्हणजे आदल्याच दिवशी 'सुरक्षेसाठी' गूगलचा पासवर्ड बदलला होता. फोन एका कॉलेजातल्या मुलाने घेतला आणि तो बसने त्याच्या गावी गेला. रात्री त्याचा फोन: "ताई, हा तुमचा ईमेल मागतोय. पुढे जातच नाही."

जाणार कसा? अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोनमध्ये चोरांसाठी एक कुलूप आहे. सेटिंग्जमधून न जाता बटणांच्या वाटेने फोन पुसला, की फोन धरून चालतो की हे काम चोराचं. आधीच्या मालकाचं गूगल अकाउंट किंवा जुना पिन दिल्याशिवाय तो सुरूच होत नाही. आयफोनमध्ये असंच कुलूप २०१३ मध्ये, आयओएस ७ सोबत आलं. कुलूप चांगलंच आहे. फक्त त्याला चोर आणि घाईत असलेली मी यांतला फरक कळत नाही.

तो मुलगा बिचारा साधा होता. म्हणाला, पासवर्ड सांगा, मी टाकतो आणि लगेच विसरतो. खरं सांगते, अपराधी वाटत होतं म्हणून मी सांगायच्या बेतात होते. तसं अजिबात करू नका. त्या एका पासवर्डमागे तुमचा मेल असतो, आणि मेलमागे इतर सगळ्या पासवर्डच्या चाव्या. ओटीपी तर नाहीच नाही. शेवटी त्याने फोन परत पाठवला. नवा पासवर्डही फोनने लगेच स्वीकारला नाही. पासवर्ड नुकताच बदलला असेल तर रीसेटआधी २४ तास थांबा, असं गूगलच सांगतं. मी ते वाचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी साइन इन केलं, अकाउंट काढलं, सेटिंग्जमधून नीट रीसेट मारला आणि थोडे पैसे परत करून फोन पुन्हा पाठवला. पाच मिनिटं वाचवायला गेले आणि आठवडा घालवला.

आयफोनवाल्यांना निदान एक सोय आहे. फोन दुसऱ्याकडे गेल्यावरही आयक्लाउडच्या साइटवरून तो पुसून स्वतःच्या अकाउंटमधून काढता येतो. अँड्रॉइडचं कुलूप मात्र त्याच फोनवर अकाउंट टाकून उघडावं लागेल, हे धरूनच चाला.

आता माझा क्रम ठरलेला आहे. आधी फोन बनवणाऱ्या कंपनीचं अकाउंट काढते. सॅमसंग, शाओमी यांचं स्वतःचं वेगळं अकाउंट आणि वेगळं कुलूप असतं, आणि लोक नेमकं तेच विसरतात. मग गूगल अकाउंट. मग सेटिंग्जमधून रीसेट. आयफोन असेल तर आधी त्याला जोडलेलं ॲपलचं घड्याळ वेगळं करायचं, मग स्वतःच्या नावावर टिचकी मारून साइन आउट, मग सगळं पुसायचं. त्यानंतर फोन पुन्हा चालू करते, वायफाय जोडते आणि दोन पायऱ्या पुढे जाऊन बघते की जुनं अकाउंट विचारतोय का. नाही विचारलं तर तिथूनच बंद. हे शेवटचं मी घेणाऱ्याच्या समोर करते, म्हणजे रात्री फोन येत नाही.

आणि हो, ते कुलूप तोडायचे व्हिडिओ मला पाठवू नका. जी युक्ती तुम्हाला सापडते ती चोरालाही सापडते, म्हणून ती लवकरच बंद केली जाते. त्यातली बरीच 'सॉफ्टवेअर' स्वतःच चोर असतात.

सिनेमे भरून तीन-तीनदा रीसेट मारणं

"आधी रीसेट, मग मेमरी भरेपर्यंत सिनेमे टाका, मग पुन्हा रीसेट." हा सल्ला अजून फिरतोय. तो अगदी हवेतून आलेला नाही. २०१५ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी अँड्रॉइड २.३ ते ४.३ वर चालणारे २१ जुने फोन तपासले, तेव्हा रीसेटनंतरही त्यांतून मेसेज, फोटो आणि गूगल अकाउंटची लॉगिन-खूणसुद्धा परत मिळाली होती. त्या काळी रीसेट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं. पानं आत तशीच.

आता पानंच कुलूपबंद भाषेत लिहिलेली असतात. अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या प्रत्येक फोनमध्ये एन्क्रिप्शन सक्तीचं आहे, त्याआधी ६ पासूनच्या बहुतेक चांगल्या फोनमध्येही ते आहे, आणि आयफोनमध्ये तर कितीतरी आधीपासून. रीसेट मारला की ती भाषा उलगडणारी किल्ली नष्ट होते. उरलेला मजकूर कुणी काढला तरी त्याला कचराच मिळतो. सिनेमे भरून काही वाढीव मिळत नाही, उगाच मेमरीची झीज. त्याहून जुना फोन असेल तर सेटिंग्जमध्ये एन्क्रिप्ट करायचा पर्याय शोधा, तो पूर्ण होऊ द्या, मग रीसेट. पर्यायच नसेल तर मी तो फोन विकत नाही. अशा फोनचे येऊन येऊन किती पैसे येणार?

कोड देणारं ॲप विसरणं

फोटो गेले तर माणूस रडतो, हे गेलं तर माणूस अडतो. लॉगिनच्या वेळी लागणारा सहा आकडी कोड दाखवणारं ऑथेंटिकेटर ॲप पुष्कळांच्या जुन्या फोनवरच राहतं. गूगलच्या ॲपमध्ये ते कोड अकाउंटशी जोडायची सोय २०२३ मध्ये आली; त्याआधी फोन पुसला की कोड गेले. सोय आली म्हणून ती तुमच्या फोनवर सुरू आहे असं नाही. माझ्या मेहुण्याने कामाच्या मेलचे कोड असेच घालवले आणि त्याला ऑफिसातून पुन्हा प्रवेश मिळायला चार दिवस लागले.

यावर माझी सवय: नवा फोन सुरू केला की जुन्या फोनमधलं सिम काढून तो फोन खणात ठेवायचा. आठ दिवस. त्या काळात जितक्या वेळा तो बाहेर काढावा लागेल, तितक्या वेळा कारण कागदावर लिहायचं. कोड, बँकेचं ॲप, एखादी नोंद, कुणाचं तरी व्हॉइस रेकॉर्डिंग. तीन दिवस सलग कागदावर काही लिहिलं गेलं नाही की फोन विकायला मोकळा. लोक म्हणतात, तोवर भाव पडतो. पडू दे.

उरलेल्या, एकेका ओळीच्या

मेमरी कार्ड बाहेर काढा. बहुतेक फोनमध्ये रीसेट त्याला हात लावत नाही आणि त्यावरचे फोटो कुणीही वाचू शकतो.

ई-सिम (कार्डाऐवजी फोनच्या आतच असलेलं सिम) आधी नव्या फोनवर न्या. रीसेटच्या वेळी ते ठेवायचं की पुसायचं हे बरेच फोन वेगळं विचारतात, तो प्रश्न न वाचता पुढे जाऊ नका.

स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, लिहून ठेवा, आणि फोन कुणाला, कधी दिला तेही त्याखाली.

टच गेलाय पण चित्र दिसतंय, अशा अँड्रॉइड फोनला ओटीजीने, म्हणजे चार्जिंगच्या भोकात बसणाऱ्या छोट्या जोडणीने, माउस लावा. बाण दिसतो आणि सगळं नीट करता येतं.

बॅटरी फुगली असेल तर विकू नका, कुरिअरही करू नका.

"पिन सांगून ठेवा, आम्ही पुसतो" म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

फोन गेल्यावर अकाउंटच्या यंत्रांच्या यादीतून त्याचं नाव काढा. नव्या फोनवर सगळं दिसतंय याची खात्री झाल्यावरच.

आणि कव्हर द्यायचं असेल तर आधी काढून आत बघा. हे सगळं शिस्तीत केलेल्या एका गृहस्थांच्या कव्हरमध्ये, फोनच्या पाठीला चिकटून, बारीक अक्षरातली चिठ्ठी निघाली होती: एटीएमचा पिन, मेलचा पासवर्ड आणि खाली दोनदा अधोरेखित करून, 'कुणाला दाखवू नये'.