पहिला प्रोग्राम वजनाचा लिहा

बीसीए किंवा बीएससीला नुकती लागलेली आमच्या वणीकडची पोरं-पोरी दर सुट्टीत एकच विचारतात: ताई, पहिला प्रोग्राम कोणता लिहू? यूट्यूबवरची उत्तरं ठरलेली आहेत, कॅल्क्युलेटर नाहीतर मनातला आकडा ओळखायचा खेळ. मी वजनं बदलणारा प्रोग्राम लिहायला सांगते. क्विंटलचे किलो, तोळ्याचे ग्रॅम, पौंडाचे किलो. उत्तर बरोबर आलं का, हे सांगायला इथे सर लागत नाहीत. कास्तकाराच्या घरात काट्याची पावती सापडतेच, आणि घरातलं कोणीही एका नजरेत सांगतं की पोरी, हे काहीतरी भलतंच आलं.

लॅपटॉप नाही म्हणून अडून बसू नका. पायड्रॉइड नावाचं ॲप अँड्रॉइड फोनवर चालतं, आणि एकदा उतरवून घेतलं की नेट नसलं, लाइन गेली, तरी पायथन, म्हणजे आपण वापरणार ती प्रोग्रामिंगची भाषा, चालू राहतो. बोटांनी कोड टाइप करणं कंटाळवाणं आहे, पण या प्रोग्रामला वीस-पंचवीस ओळी पुरतात.

सुरुवात अगदी छोटी करा. क्विंटल किती ते विचारायचं, १०० ने गुणायचं, उत्तर छापायचं. यातच पहिली गंमत आहे. इनपुटमधून आलेला ५ हा पायथनच्या लेखी आकडा नसतो, मजकूर असतो. त्याला १०० ने गुणलं की ५०० येत नाही, ५ हे अक्षर शंभर वेळा छापलं जातं. शिकवताना मी हे मुद्दाम होऊ देते. स्क्रीनभर पाचांची रांग एकदा पाहिली की डेटा टाइप म्हणजे काय, यावर वेगळं लेक्चर द्यावं लागत नाही. मग इनपुटला फ्लोटमध्ये, म्हणजे मजकुराचा दशांश आकडा करणाऱ्या फंक्शनमध्ये घाला, म्हणजे साडेबारा क्विंटलही चालतील. फ्लोटला देवनागरी आकडेसुद्धा कळतात. वापरणाऱ्याने २.५ असं मराठीत टाइप केलं तरी गणित बरोबर होतं. कोडमध्ये मात्र आकडे इंग्रजीच लिहावे लागतात, तिथे देवनागरी ५ दिला की एरर. व्हेरिएबलचं नाव तुम्ही खुशाल ‘वजन’ ठेवू शकता.

माणसं नुसता आकडा टाइप करत नाहीत, ‘५ क्विंटल’ असं लिहितात, नाहीतर २,५०० असा स्वल्पविराम देतात. दोन्हीला फ्लोट व्हॅल्यू एरर देऊन थांबतो. ट्राय आणि एक्सेप्ट, म्हणजे एरर आली तरी प्रोग्राम न थांबू देणारी सोय, शिकायची हीच वेळ. ‘फक्त आकडा टाका’ असा मराठीत निरोप द्या आणि पुन्हा विचारा.

आता एककं वाढवा. बहुतेक जण इथे इफ-एल्सचा डोंगर रचतात: क्विंटलवरून किलो, किलोवरून तोळा, तोळ्यावरून पौंड, आणि प्रत्येकाचं उलटं. आठ एककं घेतली तर अशा ५६ जोड्या होतात. त्यापेक्षा एक डिक्शनरी, म्हणजे नावासमोर त्याचा आकडा ठेवणारी यादी, करा. प्रत्येक एककासमोर त्याचे ग्रॅम लिहा: किलो १,०००, क्विंटल १,००,०००, पौंड ४५३.५९२३७. (कोडमध्ये हे आकडे स्वल्पविरामाशिवाय.) दिलेल्या वजनाचे आधी ग्रॅम करायचे, मग हव्या त्या एककाच्या ग्रॅमने भागायचं. ५६ सूत्रांच्या जागी आठ आकडे आणि गणिताची एक ओळ. नववं एकक आलं तर डिक्शनरीत एक ओळ वाढते, बाकी कोडला हात लागत नाही.

खरं काम इथून पुढे आहे, आणि ते कोडचं नाही. डिक्शनरीत ‘मण’ लिहिलात तर समोर काय लिहिणार? माझ्याकडे शिकणाऱ्या एका पोरीने घरी आबांना विचारलं. आबा म्हणाले, “कोन्ता मन पाह्यजे तुले? जुना चाळीस शेराचा, का आताचा चाळीस किलोचा?” प्रश्न अगदी रास्त आहे. सरकारी हिशेबात जुना तोळा ११.६६३८ ग्रॅमचा, ८० तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३.१ ग्रॅम, आणि ४० शेरांचा मण म्हणजे ३७.३२४ किलो. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली, पण बोलण्यातला मण गेला नाही, तो गोल होऊन ४० किलोचा झाला. वीस मणांवर दोन्हींत साडेत्रेपन्न किलोचा फरक पडतो. तोळ्याचंही तेच, सराफाकडे तो आता १० ग्रॅमचा. म्हणून डिक्शनरीत ‘मण’ असं मोघम नाव ठेवू नका, ‘जुना मण’ आणि ‘४० किलोचा मण’ अशा दोन नोंदी करा.

काही गोष्टी तर वजनाचं एकक नाहीतच. पायली हे आकारमानाचं माप आहे. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर धान यांचं वजन सारखं भरत नाही, म्हणून पायली या डिक्शनरीत बसत नाही. खताची बॅग घ्या: डीएपीची ५० किलोची, युरियाची २०१८ पासून ४५ किलोची. ‘बॅग’ असा एकच आकडा लिहिलात तर एका खताचा हिशेब चुकणारच. आणि आमच्याकडे हमखास येणारी मागणी म्हणजे क्विंटलभर कापसाच्या गाठी किती, ते प्रोग्रामने सांगावं. रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, गाठ १७० किलोची, खंडी ३५६ किलोची, हे ठरलेलं आहे. पण कापसातून रुई किती निघेल ते उताऱ्यावर, म्हणजे वाणावर आणि मालावर अवलंबून. तो उतारा वापरणाऱ्याला विचारावा लागतो. हे रूपांतर नव्हे, अंदाज आहे, आणि प्रोग्रामनेही उत्तरापुढे ‘अंदाजे’ असं लिहावं.

दशांशांचं थोडक्यात. पायथनला ०.१ अधिक ०.२ विचारलं तर ०.३०००००००००००००००४ असं येतं. घाबरू नका, संगणक आकडे दोनच्या पायावर साठवतो त्याचा हा परिणाम. राउंड, म्हणजे आकडा गोल करणं, फक्त छापताना करा, मधल्या पायरीवर नको. आणि राउंडचा एक स्वभाव लक्षात ठेवा: अडीचचे तो दोन करतो आणि साडेतीनचे चार, कारण बरोबर मध्यावर असलेला आकडा तो सम संख्येकडे नेतो. मजुरीचा किंवा चुकाऱ्याचा हिशेब करणार असाल तर हे माहीत असलेलं बरं.

तपासायला एक सोपा आकडा देते. ७८४ पौंड टाका, ३५५.६१६ किलो आले पाहिजेत. कापूस व्यापारातली खंडी मुळात हीच, ३५६ हा तिचा गोल केलेला आकडा. दुसरी तपासणी उलटसुलट: किलोचे तोळे करा, त्यांचे परत किलो करा, मूळ आकडा मिळाला पाहिजे. उणे वजन टाकून पाहा, शून्य टाकून पाहा.

मी आता धान्यखरेदीच्या सॉफ्टवेअरवर काम करते. नवीन मुलांची मुलाखत घ्यायची वेळ येते तेव्हा मला मोठ्या प्रोजेक्टच्या नावांपेक्षा असा छोटा प्रोग्राम उघडून दाखवणारा आवडतो, कारण त्यातल्या प्रत्येक आकड्याबद्दल प्रश्न विचारता येतो. म्हणून हे जमलं की डिक्शनरी प्रोग्रामबाहेर काढा आणि सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवा. रकाने तीन: एककाचं नाव, ग्रॅम, आणि तो आकडा कुठून घेतला ते. तिसऱ्या रकान्यात कुठे कायदा येईल, कुठे खताच्या बॅगवरचं छापील वजन, कुठे आबा.