फड रिकामा झाला, पाचटाला काडी लावू नका

निपाणी, चिकोडी, अथणी पट्ट्यात सध्या तोडणी जोरात आहे. ऊस गाडीत चढला, वाढे म्हणजे हिरवे शेंडे जनावरांपुढे गेले, मागं राहिलं पाचट, उसाची वाळलेली पानं. सांजेला वारा पडला की ते पेटवायचं, ही आपली जुनी खोड.

एकरी तीन-चार टन पाचट निघतं. चार टन धरलं तर त्यात साधारण 20 किलो नत्र असतं, म्हणजे जवळजवळ एक पोतं युरिया. उसानं ते आपल्याच रानातून उचललेलं. पेटवलं की नत्र आणि गंधक धुराबरोबर गेलं. "राखेत पालाश राहतोय की," असं पारावर कुणीतरी म्हणतंच. राहतो, स्फुरदही राहतं. पण राख निम्मी शेजाऱ्याच्या रानात उडते आणि उरलेली पहिल्या पाण्याबरोबर सरीच्या टोकाला जाऊन बसते.

पहिल्या वर्षी मी नुसतंच पाचट सरीत दाबून पाणी सोडलं. महिन्याभरात खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतनं पुन्हा फुटलेला ऊस, पिवळा पडला. शेजारचे काका म्हणाले, "पाचटानं ऊस खाल्ला बघ." ते अगदीच चुकले नव्हते. पाचटात कर्ब भरमसाठ आणि नत्र नावाला, साधारण शंभरास एक. ते कुजवणाऱ्या जिवाणूंच्या अंगात हेच प्रमाण दहास एकच्या आसपास असतं. मग कमी पडलेलं नत्र ते मातीतनं ओढतात. जिवाणू मेले की ते पिकाला परत मिळतं, पण तोवर खोडव्यानं काय करायचं?

म्हणून पाचटाच्या टनामागं 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाका. जिवाणू खत ओलसर शेणखतात मिसळून विस्कटलं की सारखं पडतं. त्याआधी बुडख्यांवरचं पाचट सरीत ओढून घ्या आणि बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटा. मग पाणी द्या आणि वाफसा येण्याआधी, म्हणजे माती ओली आहे तोवर, पाचट पायानं तुडवा. ते मातीला भिडलं पाहिजे. अधांतरी राहिलेलं पुढच्या तोडणीपर्यंत तसंच करकरतं. बांधालगत चार-पाच हात पट्टा मोकळा ठेवा, कारण काडी शेजारीही लावतो.

दोन महिन्यांनी खालचा थर हातात घेऊन बघा. पानावर बुरशीचे पांढरे धागे, चिमटीत धरलं की चुरा, आणि तळाशी गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या. वरचं पान तेव्हाही पिवळं कोरडंच दिसतं, त्यावर जाऊ नका.

सोयाबीनवाल्यांनी एक ध्यानात ठेवावं. मुळांवरच्या गाठींनी हवेतनं घेतलेलं बरंचसं नत्र दाण्यात जातं आणि दाणा बाजारात. झाडं उपटू नका, विळ्यानं कापा. निदान मुळं तरी रानात राहतील. "सोयाबीन केलंय, आता खत नको" हा हिशेब मात्र कच्चा आहे.

बेळगावच्या खानापूरकडं गोष्ट निराळी. भातानं घेतलेल्या पालाशाचा मोठा हिस्सा पिंजरात, म्हणजे भाताच्या काडात असतो. पिंजर गोठ्यात जातं, आणि तिथनं पालाश मुख्यतः गोमुत्रातनं बाहेर पडतो. ते मोरीत वाहून गेलं तर उकिरड्यात उरतं काय? गोठ्यात भाताचं तूस किंवा पालापाचोळा अंथरा, भिजला की खड्ड्यात टाका. त्या भागातला पाऊस तांबड्या मातीतलं नत्र-पालाश धुऊन थेट मलप्रभेत नेतो, मग उघड्या उकिरड्याची काय कथा! मे संपायच्या आत खड्ड्याला कडेनं वीतभर बांध घाला आणि वर ताडपत्री नाहीतर नारळाच्या झावळ्या टाका.